हापसा, रेशनकार्ड आणि शाळेची बस

मराठी वाचकाला इंग्लंडचं खेडं नवं नाही. एनिड ब्लायटनच्या गोष्टींतून ते आपल्या घरात आलं, अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलनं त्यातले खून उकलून दाखवले, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांनी त्याचं चित्र कायमचं ठरवून टाकलं. गवताचं छप्पर, भिंतीवर चढलेले गुलाब, चर्चचा मनोरा, हिरवळीवर क्रिकेट आणि चारच्या ठोक्याला चहा. या चित्रात एक माणूस कधीच दिसत नाही, तो म्हणजे पाणी भरणारा. चहाचं पाणी कुठून आलं, ते कोणी ओढलं, धुण्याचं सांडपाणी कुठं गेलं, याबद्दल डबा गप्प असतो.

१९४० ते १९६० या काळात जे इंग्लंडच्या खेड्यांत लहान होते, त्यांच्या आठवणी वाचायला घेतल्या की पाणी लगेच भेटतं. गावातला सामाईक हापसा, हिवाळ्यात गोठून बसणारा त्याचा दांडा, दोन बादल्यांच्या वजनानं खाली ओढले जाणारे हात आणि शाळेत जायच्या आधी मारायच्या खेपा. हा संग्रह अशाच आठवणींचा आहे. त्या वाचण्याआधी त्यांच्यामागचं जग मराठी वाचकासमोर मांडावं, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. त्यासोबत माझं एक म्हणणंही आहे. या आठवणींमधलं खेडं वाचताना फार जुनं आणि न बदलणारं वाटतं. प्रत्यक्षात त्याच वीस वर्षांत त्या खेड्यात दरवर्षी काहीतरी कायमचं बदलत होतं. आठवणी सांगणारी पिढी जुन्या खेड्याची शेवटची साक्षीदार आहे आणि नव्या कल्याणकारी राज्याची पहिली लाभार्थीही आहे. हे दुहेरीपण वाचताना नजरेतून सुटलं, तर हाती बिस्किटाचा डबाच उरेल.

इंग्लंडचं खेडं असं एकच खेडं नाही, हे आधी सांगायला हवं. सफक आणि नॉरफकच्या सपाट प्रदेशातलं गव्हा-जवाचं गाव वेगळं, यॉर्कशरच्या डोंगरउतारांवरचं दगडी बांधांचं आणि मेंढ्यांचं गाव वेगळं. केंटमध्ये बियरसाठी लागणाऱ्या हॉप्सचे मळे होते आणि हंगामात लंडनच्या पूर्व भागातली कुटुंबंच्या कुटुंबं तिथं तोडणीला येत. डरहॅम परगण्यात कोळशाच्या खाणीभोवती वसलेली विटांच्या एकसारख्या घरांची गावं होती. डब्यावरच्या चित्रात त्यांना जागा नव्हती, पण तीही खेडीच. १९५१ मध्ये डरहॅमच्या परगणा परिषदेनं अशा शंभराहून अधिक गावांना ‘ड’ वर्गात टाकलं. या गावांवर यापुढं पैसा खर्च करायचा नाही, ती हळूहळू संपू द्यायची, असा त्याचा अर्थ. त्या गावांतल्या मुलांच्या आठवणींत गुलाब क्वचितच येतात.

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत मोठा फरक जाणवेल तो जमिनीचा. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली निघालं. ते वाचलेला माणूस इंग्लंडच्या खेड्यात पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार शोधू लागेल. लोहार, सुतार, चक्कीवाला आणि खाटीक तिथंही होते, पण ते रोख पैशावर काम करत. सुगीच्या धान्यात त्यांचा हक्काचा वाटा नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावातल्या बहुतेक घरांकडे स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत गायरानं आणि मोकळी शेतं कायद्यानं कुंपणाआड गेली. त्यानंतर गाव तीन थरांचं उरलं. वर मोठा वाडा आणि त्याचा जमीनदार, मध्ये शेकडो एकर जमीन खंडानं किंवा मालकीनं कसणारे थोडे शेतकरी, आणि खाली आठवड्याच्या पगारावर राबणारे शेतगडी. अल्पभूधारक शेतकऱ्याचं घर हा मराठी ग्रामीण आत्मकथनाचा कणा आहे. इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांत तो जवळजवळ नाहीच.

शेतगड्याचं घरही बहुधा मालकाचं असे. नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबर जायचं. बाप आजारी पडला, म्हातारा झाला किंवा मालकाशी भांडला तर बिऱ्हाड रस्त्यावर येण्याची भीती खरी होती. अशा घरांना कायद्याचं पुरेसं संरक्षण १९७६ साली मिळालं. म्हणून कित्येक आठवणींत एक वाक्य फिरून फिरून येतं की आई आम्हाला मालकासमोर नीट वागायला सांगायची. मुलाला तो शिष्टाचार वाटला, पण आईच्या डोळ्यांसमोर राहतं घर होतं. पाद्रीबाबांसमोर टोपी काढणं आणि वाड्यावरच्या बाईंची गाडी गेली की रस्त्याच्या कडेला उभं राहणं, यांचाही हिशेब याच खात्यात मांडावा.

आता घरात शिरू. युद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत अनेक खेड्यांत वीज नव्हती. रॉकेलचे दिवे होते आणि स्वयंपाकघरात कोळशावर चालणारी ओतीव लोखंडाची चूल होती. तीच घर गरम ठेवी आणि तिच्यावरच पाणी तापे. संडास परसात असे. तो बादलीचा किंवा खड्ड्याचा. बादली बागेत पुरायचं काम बापाचं किंवा थोरल्या मुलाचं असे आणि त्याच जागेवरच्या कोबीची पुढं तारीफ होई. शनिवारी रात्री पत्र्याचा टब चुलीसमोर यायचा. एकाच पाण्यात घरातली सगळी पाळीपाळीनं आंघोळ करायची आणि शेवटच्या नंबराला पाण्याचा रंग पाहवत नसे.

सोमवार धुण्याचा. तांब्याचा हंडा पहाटेच पेटवलेला असायचा, कपडे उकळायचे आणि मग दोन रुळांच्या हाती यंत्रातून पिळून निघायचे. दांडा फिरवायला मूल लागायचंच. पांढऱ्या कपड्यांना नीळ दिली जाई आणि ती बहुधा हल शहरातल्या रेकिट कंपनीची असे. त्याच घराण्याची ‘रॉबिन’ नीळ आपल्या आज्यांच्या मोरीतही होती, तेव्हा या प्रसंगाला मराठी वाचकानं परकं वाटून घ्यायचं कारण नाही. रविवारी भाजलेलं मांस उरलं असेल तर सोमवारी तेच थंड वाढायचं, कारण त्या दिवशी आईला स्वयंपाकाला उसंत नसे. आठवड्याच्या वारांना असं ठरलेलं काम होतं, म्हणून या आठवणींत तारखा कमी आणि वार जास्त येतात.

वीज नसली तरी रेडिओ होता. काचेच्या भांड्यातली आम्लाची जड बॅटरी त्याला लागे. ती उतरली की गॅरेजमध्ये किंवा दुकानात नेऊन भरून आणायची, आणि आणताना आम्ल सांडून पाय भाजायचे नाहीत एवढी अक्कल दहा वर्षांच्या मुलाकडे असावी अशी अपेक्षा असे. १९४६ ते १९५१ या काळात संध्याकाळी ‘डिक बार्टन’ या गुप्तहेराच्या मालिकेला मुलं घरात पळायची. १ जानेवारी १९५१ पासून ‘द आर्चर्स’ देशभर ऐकू येऊ लागली. एका काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची ही मालिका शेती खात्याच्या सल्ल्यानं बेतलेली होती. गोष्टीच्या ओघात शेतकऱ्याला सुधारित शेतीची माहिती मिळावी आणि अन्नधान्याचं उत्पादन वाढावं, हा तिचा मूळ हेतू. ती अजून चालू आहे. खेड्यातल्या मुलानं आपल्यासारखं खेडं रोज रेडिओवर ऐकावं, हाही त्या पिढीचा नवा अनुभव होता.

युद्धाचं वर्णन या संग्रहात फार नाही, पण युद्धाच्या खुणा मात्र पानोपानी आहेत. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत शहरांतून सुमारे पंधरा लाख लोक खेड्यांकडे हलवले गेले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलं होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मुखवट्याचा पुठ्ठ्याचा डबा. गावच्या सभागृहात त्यांना उभं केलं जाई आणि घरवाले येऊन आपापलं मूल निवडत. शेवटी कोणीच न निवडलेलं मूल उरे. ही हकिकत दोन्ही बाजूंनी वाचावी. लंडनच्या मुलाला खेड्याचा काळोख भयंकर वाटला. खेड्यातल्या मुलाला कळलं की आपल्या वयाच्या कुणी गाय कधी पाहिलेलीच नाही. बॉम्ब पडेनात म्हणून पुष्कळ मुलं नाताळपर्यंत परत गेली, आणि बॉम्ब पडू लागल्यावर पुन्हा आली.

जून १९४० मध्ये चर्चच्या घंटा बंद झाल्या. त्या वाजल्या तर शत्रू उतरला असं समजायचं होतं. रस्त्यांवरच्या गावांच्या नावांच्या पाट्या काढून टाकल्या, म्हणजे शत्रूला वाट सापडू नये. अल अलामेनच्या विजयानंतर नोव्हेंबर १९४२ मध्ये घंटा पुन्हा वाजल्या, तेव्हा तीन-चार वर्षांची मुलं दचकली असतील, कारण त्या ऐकल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. शेतांवर इटालियन आणि नंतर जर्मन युद्धकैदी कामाला येत. जर्मन कैद्यांपैकी काही १९४८ पर्यंत राहिले. ‘शत्रू’ या शब्दाला लाकडाची खेळणी कोरून देणाऱ्या माणसाचा चेहरा मिळाला, असं सांगणाऱ्या आठवणी एकदोनच नाहीत.

काही गावं युद्धानं पुसूनच टाकली. डॉर्सेटमधलं टाइनम आणि विल्टशरमधलं इंबर ही दोन गावं १९४३ च्या हिवाळ्यात लष्कराच्या सरावासाठी रिकामी केली गेली. टाइनमचे सव्वादोनशेच्या आसपास रहिवासी नाताळाआधी घरं सोडून निघाले. युद्ध संपल्यावर परत येता येईल, अशी त्यांची समजूत होती. ती खरी ठरली नाही. डर्बीशरमधली डरवेंट आणि ॲशॉप्टन ही गावं त्याच सुमाराला लेडीबॉवर धरणाखाली गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा काही काळ पाण्याबाहेर दिसत होता. डिसेंबर १९४७ मध्ये तो सुरुंगानं पाडला. कोयनेच्या खोऱ्यातल्या वाचकाला ही ओळ पुन्हा वाचावी लागणार नाही.

युद्ध संपलं तरी रेशन संपलं नाही. ते ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं आणि ४ जुलै १९५४ ला मांसावरचं नियंत्रण उठलं तेव्हाच पूर्ण थांबलं. युद्धाच्या काळात पाव कधीच रेशनवर नव्हता. तो १९४६ ते १९४८ या शांततेच्या वर्षांत रेशनवर आला. जिंकलेल्या देशातल्या आयांना हे समजावून सांगणं सरकारला जड गेलं. खेड्यात मात्र रेशनची झळ वेगळी होती. परसात कोंबड्या, बागेत बटाटे, कुंपणात ससा आणि शेजाऱ्याच्या डुकरात वाटा, यांमुळं शेतगड्याचं ताट काही बाबतींत लंडनच्या कारकुनापेक्षा भरलेलं असे. डुक्कर मारण्याचा दिवस कितीतरी आठवणींत सणासारखा येतो. त्यात कायद्यापेक्षा एक डुक्कर जास्त मारलं गेल्याची कुजबुजही असते.

मुलांसाठी खरं रेशन गोळ्या-चॉकलेटचं. ते जुलै १९४२ मध्ये लागू झालं. एप्रिल १९४९ मध्ये उठवलं, तर दुकानं रिकामी झाली म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा लावावं लागलं. अखेर ५ फेब्रुवारी १९५३ ला ते संपलं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर गावच्या दुकानात उडालेली झुंबड वर्णन करताना ऐंशीच्या आसपासची माणसं अजूनही मुलांसारखी बोलतात. त्यांच्या हिशेबात पेनी, शिलिंग आणि फार्दिंग येतात. एका पौंडाचे वीस शिलिंग, एका शिलिंगचे बारा पेन्स. आणे-पै वापरलेल्या मराठी वाचकाला ही बेरीज अवघड जाणार नाही. आपण १९५७ मध्ये दशमान नाणी घेतली, त्यांनी १९७१ मध्ये.

१९४७ चा हिवाळा हे या संग्रहातलं सर्वांत मोठं सामाईक प्रकरण आहे. २२ जानेवारी ते १७ मार्च या काळात देशात कुठं ना कुठं रोज बर्फ पडला. रस्ते बुजले, कोळसा खाणीतून निघेना आणि निघाला तर गाड्या हलेनात. मेंढ्या हजारोंनी बर्फाखाली मेल्या. मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा पूर आले. मुलांना आठवतात ती कुंपणांच्या वरून चालत गेल्याची गंमत आणि बंद शाळा. मेंढपाळाच्या मुलीला आठवतो तो बापाचा चेहरा. एकच हिवाळा, पण कुणाच्या घरात काय पणाला लागलं होतं त्यावर आठवणीचा रंग ठरला. अशा जागी दोन आठवणी शेजारी ठेवून वाचाव्यात.

शाळा हा या आठवणींचा गाभा आहे. बहुतेक गावांत ती चर्चनं एकोणिसाव्या शतकात बांधलेली, दोन खोल्यांची, उंच खिडक्यांची. खिडक्या मुद्दाम उंच, म्हणजे मुलांना बाहेरचं दिसू नये. मध्ये कोकवर चालणारी शेगडी असे. तिच्याजवळचे भाजून निघत आणि मागचे कुडकुडत. १९४६ पासून प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पाइंट दूध फुकट मिळू लागलं. हिवाळ्यात बाटल्या गोठत म्हणून त्या शेगडीभोवती मांडायच्या, आणि कोमट झालेल्या त्या दुधाची शिसारी या पिढीनं आयुष्यभर सांभाळली. त्याच दुधानं त्यांचं पोषणही झालं, हे मात्र कौतुकानं कुणी सांगत नाही.

भिंतीवर जगाचा नकाशा असे आणि त्यात साम्राज्य तांबड्या रंगात. २४ मे या दिवशी ‘एम्पायर डे’ साजरा व्हायचा, झेंड्याला सलामी आणि मग अर्धी सुट्टी. हिंदुस्थान त्या नकाशावर १९४७ नंतरही बरीच वर्षं तांबडाच राहिला, कारण गावच्या शाळेला नवा नकाशा घ्यायला पैसे नव्हते. १९५८ मध्ये त्या दिवसाचं नाव बदललं. गावात हिंदुस्थानात नोकरी केलेला एखादा निवृत्त कर्नल असे, त्याच्या दिवाणखान्यात मुरादाबादी पितळ असे आणि दुकानात आसामचा चहा. आपला देश या मुलांना एवढाच ठाऊक होता. आपल्याकडच्या मुलांना त्यांचा देश ब्लायटनच्या गोष्टींइतका ठाऊक होता, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

शाळेच्या बाबतीतला निर्णायक बदल १९४४ च्या शिक्षण कायद्यानं आणला. तोवर खेड्यातलं मूल पाचव्या वर्षी त्या दोन खोल्यांत शिरे आणि चौदाव्या वर्षी तिथूनच थेट शेतावर जाई. आता अकराव्या वर्षी परीक्षा आली. जे उत्तीर्ण झाले ते बसनं तालुक्याच्या गावच्या ग्रामर स्कूलमध्ये, उरलेले दुसऱ्या बसनं दुसऱ्या शाळेत. एप्रिल १९४७ पासून शाळा सोडायचं वय पंधरा झालं. एकाच बाकावर बसलेले दोन मित्र एका सकाळी दोन बसथांब्यांवर उभे राहिले. ग्रामर स्कूलच्या गणवेशाचा खर्च पेलत नाही म्हणून आईबापांनी जागा नाकारल्याच्या हकिकतीही आहेत, आणि त्या मुलींच्या वाट्याला जास्त आल्या. आठवणींचं हे साहित्य लिहिणारे बहुतेक पहिल्या बसमधले. दुसऱ्या बसमधल्यांनी फार लिहिलं नाही, त्यांना कोणी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. संग्रहात अशा सांगितलेल्या आठवणींना मुद्दाम जागा दिली आहे.

शाळेबाहेर काम होतं. सुगीत बाइंडर यंत्र गव्हाच्या पेंढ्या बांधत शेताच्या कडेनं आत आत सरकायचं आणि मधला उभा चौकोन लहान होत जायचा. त्यात अडकलेले ससे शेवटी बाहेर उधळत, तेव्हा काठ्या घेतलेली पोरं त्यांच्यामागं धावत. त्या दिवशी घरोघरी ससा शिजे. पेंढ्या उभ्या करणं, गंजी रचणं, नंतर वाफेच्या इंजिनावरची मळणी आणि तिची धूळ. सरवा वेचण्याची जुनी रीत जवळजवळ मोडली होती, पण कोंबड्यांपुरतं धान्य बायका-मुलं अजूनही वेचत. बटाटे काढायला मुलांना शाळेतून सूट मिळे. युद्धकाळात रानगुलाबाची फळं गोळा करून देण्याचे पैसे मिळत, कारण त्यांच्या पाकात ‘क’ जीवनसत्त्व असे आणि संत्री तर समुद्रापलीकडे अडकली होती.

या कामाचा शेवटही याच मुलांनी पाहिला. १९४६ पासून कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून फर्ग्युसनचा करडा छोटा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला आणि १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. घोडे लिलावात गेले. घोडेवाला हा शेतगड्यांमधला सर्वांत मानाचा माणूस. पाच-सहा वर्षांत तो ट्रॅक्टरचा चालक तरी झाला किंवा गाव सोडून कारखान्यात गेला. लोहाराच्या भट्टीसमोर बसणारी मुलं पुढं त्याच जागी पेट्रोल पंप पाहणार होती. कम्बाइन हार्वेस्टर आलं आणि सुगीला माणसांचा जमाव लागेनासा झाला. १९५३ मध्ये सशांचा मिक्झोमॅटोसिस हा रोग केंटमध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक ससे मेले. आंधळे होऊन रस्त्यावर बसलेले ससे मुलांनी पाहिले, आणि गरिबाच्या घरचं मांस त्यांच्याबरोबर संपलं.

राज्य घरापर्यंत आलं ते याच वर्षांत. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागं आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले, आणि ते पोस्टातून आईच्या हातात पडत. कित्येक बायकांनी स्वतःच्या नावचा पैसा पहिल्यांदा मोजला तो तेव्हा. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याआधी डॉक्टरला बोलावणं म्हणजे बिलाची धास्ती असे. सायकलवरची परिचारिका खेड्यात आधीही होती, आता तिच्यामागं पूर्ण व्यवस्था उभी राहिली. गावाच्या कडेला सरकारी घरं बांधली गेली आणि त्यांत नळ, न्हाणीघर आणि आतला संडास होता. गवताच्या छपराखालचं काव्य सोडून लोक त्या विटांच्या घरांत आनंदानं राहायला गेले. जुन्या घरांची हळहळ नंतर वाटली आणि ती बहुतांशी शहरातून आलेल्यांना वाटली.

२ जून १९५३ ला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. पाऊस पडत होता. देशात सुमारे दोन कोटी लोकांनी तो सोहळा टेलिव्हिजनवर पाहिला आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी तो दुसऱ्याच्या घरी किंवा सार्वजनिक ठिकाणी पाहिला. गावात एक किंवा दोनच संच, पडदे ओढलेली खोली, तीस माणसं आणि करडं, थरथरतं चित्र. मुलांना स्मरणचिन्ह म्हणून कप मिळाले, ते अजून कपाटांत आहेत. या आठवणींमध्ये गाव एका खोलीत जमल्याचं वर्णन येतं. पुढच्या काही वर्षांत ज्याच्या त्याच्या घरी संच आला आणि संध्याकाळी रस्ता ओस पडू लागला.

खेळण्याबद्दल लिहायचं तर संपणार नाही. सकाळी निघायचं, अंधार पडला की परतायचं, मध्ये कुणी चौकशी करायची नाही. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यानं देशातल्या सत्तर शाळांमधल्या सुमारे पाच हजार मुलांकडून खेळ, चिडवणी, शपथा आणि कोडी गोळा केली आणि १९५९ मध्ये ग्रंथरूपानं मांडली. मुलांची स्वतःची एक परंपरा असते, ती मोठ्यांच्या हातून न जाता मुलाकडून मुलाकडं जाते, हे त्यांनी दाखवून दिलं. या मोकळेपणाची दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी. तो मुलग्यांना जास्त मिळाला, मुलींना धाकटी भावंडं कडेवर घेऊन. आणि आईला कामातून मान वर करायला वेळ नव्हता, हे त्या मोकळेपणाचं एक कारण होतं.

या प्रकारच्या लेखनाची परंपराही वाचकाला ठाऊक असावी. फ्लोरा थॉम्प्सन यांनी ऑक्सफर्डशरमधल्या आपल्या १८८० च्या दशकातल्या बालपणावर ‘लार्क राइज’ लिहिलं ते १९३९ मध्ये आलं. लॉरी ली यांचं ‘सायडर विथ रोझी’ १९५९ चं, त्यातलं स्लॅड गाव पहिल्या महायुद्धानंतरचं. जॉर्ज यूअर्ट इव्हान्स हे वेल्समधल्या खाणगावचे लेखक. पत्नी सफकमधल्या ब्लॅक्सहॉलच्या शाळेत शिक्षिका झाली म्हणून ते तिथं आले, आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतगड्यांचं बोलणं टिपून घेऊ लागले. त्यातून १९५६ चं पुस्तक झालं आणि इंग्लंडमध्ये मौखिक इतिहासाची वाट रुंदावली. रोनल्ड ब्लाइद यांचं ‘एकनफील्ड’ १९६९ चं. त्यात गावाचं नाव बदललेलं आहे, पण मजुरीचे आकडे आणि अपमान खरे आहेत. खेडं ज्या वर्षांत रिकामं होत होतं, त्याच वर्षांत ही पुस्तकं हातोहात खपली. शहरात गेलेल्यांना ती हवी होती. १९५५ मध्ये डोरा सेंट यांनी ‘मिस रीड’ या नावानं खेड्यातल्या शिक्षिकेची ‘व्हिलेज स्कूल’ ही कादंबरी लिहिली, आणि त्याच साली आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली. दोन्हींत शिक्षक गावाकडं पाहतो आहे. बनगरवाडीला शेवटी दुष्काळ गिळतो. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत.

पुढं काय झालं ते थोडक्यात. मार्च १९६३ च्या बीचिंग अहवालानं २,३६३ रेल्वे स्थानकं आणि सुमारे पाच हजार मैल मार्ग बंद करण्याची शिफारस केली. त्यांत खेड्यांच्या शाखा मोठ्या प्रमाणावर होत्या. मग दोन खोल्यांच्या शाळा पटसंख्येअभावी बंद होत गेल्या, दुकान गेलं, पोस्ट गेलं. १९८० च्या कायद्यानं सरकारी घरं विकत घेता येऊ लागली आणि ती पुढं बाजारभावानं विकली गेली. शेतगड्याची झोपडी आज लंडनच्या वकिलाचं शनिवार-रविवारचं घर आहे आणि शेतगड्याच्या नातवाला त्या गावात भाड्यानंही राहणं परवडत नाही.

अशा आठवणींवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न वाचकाला पडेल. माझं मत असं की लहान मुलाच्या आठवणीवर वस्तूंच्या बाबतीत भरवसा ठेवावा, सुखाच्या बाबतीत जपून. बादली किती जड होती, शेगडीचा वास कसा होता, दुकानात कुठल्या बरणीत काय होतं, हे त्याला बिनचूक आठवतं. बापाचा पगार किती होता, आई रात्री का रडली, वेशीबाहेर तळ टाकणाऱ्या भटक्या कुटुंबातल्या मुलाला शाळेत कोणी शेजारी का बसू दिलं नाही, हे त्याला तेव्हा कळलेलं नसतं. चांगला आठवणीकार मोठेपणी या जागा भरून काढतो, उरलेले त्या तशाच सोडतात. ते दिवस चांगले होते, असं वाक्य आलं की कुणासाठी, असं वाचकानं विचारावं. उत्तर बहुधा त्याच पानावर, पाण्याच्या किंवा मजुरीच्या उल्लेखात सापडेल.

१९४५ साली जन्मलेली ही मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यानंतर बादलीचा संडास, रेशनचं पुस्तक आणि घोड्याचा नांगर या तिन्हींबद्दल स्वतःच्या अनुभवातून सांगणारं त्या देशात कोणी उरणार नाही. वाचकांना माझी एकच विनंती आहे. या आठवणी निसर्गवर्णनासाठी वाचू नयेत, कामासाठी वाचाव्यात. कोण काय उचलत होतं, कोणाला किती मिळत होतं आणि कोण कोणत्या बसनं गेलं, एवढं लक्षात ठेवून वाचलं तर इंग्लंडचं खेडं नीट समजेल.